खात्रीचा माणूस

शैलू, नंबर देते,
पण आधी थोडं ऐकून घे,
कारण 'खात्रीचा' असं तू लिहिलंयस
आणि त्या शब्दापाशी मी सकाळपासून अडून बसलेय.

मागच्या खेपेला मडगाव स्टेशनवर
एकाला सगळंच माहीत होतं.
कुठलं देऊळ किती शतकांचं,
कुठल्या खिडकीतून कोण पोर्तुगीज बाई पडली,
कुठले काजू खरे.
खरे काजू त्याच्या मेव्हण्याकडे होते.
तीन किलो घेतले. एक पुडा अजून आहे,
आलीस की घेऊन जा, कुणाला तरी दे.

ह्या वेळी मी तयारीनं गेले.
बँकेत एकतीस वर्षं काढलेली बाई मी,
सही जुळल्याशिवाय नवऱ्याचाही चेक वटवला नाही.
कायतान बार्रेतोला फोनवर विचारलं,
परवाना कधीचा, गाडी कुणाच्या नावावर,
दर किलोमीटरचा की दिवसाचा,
थांबायचे पैसे वेगळे का.
त्यानं सगळ्याची उत्तरं दिली
आणि मग एकच विचारलं,
"बाय, वळणांवर उलटी होते काय?"

मडगावला उतरल्या उतरल्या
नंबरप्लेटचा फोटो काढला, मुलाला पाठवायला.
त्यानं पाहिलं. रागावला नाही.
सीटखालून फडकं काढून प्लेट पुसली.
"आता घ्या. चिखलात आठाचा तीन दिसतो."

केपे मागे पडलं, पोफळी जवळ आल्या,
रिवणच्या पुढे नदीपाशी गाडी थांबली.
मी म्हटलं, चला, दाखवा.
तो बॉनेटला टेकला.
"माझं इथवर. दगडाचं सोयरूला विचारा.
मी सांगितलं तर खोटं सांगेन,
आणि तुम्ही ऐकाल."

सोयरू वेळिप. अनवाणी, कमरेला कोयता,
हातात करवंटी.
कुशावतीचं पाणी आणून त्यानं जांभ्यावर ओतलं.
कोरड्या खडकात काहीच नव्हतं.
ओल्यात बैल उभा राहिला. मग दुसरा. एक मोर.
मग गोल रेघांत गोल रेघा, आत आत जाणाऱ्या.
मी बोटानं त्यात शिरले
आणि तिसऱ्या वळणावर चुकले.

"हे काय आहे?"
"म्हाका खबर ना."
"किती जुनं?"
"शिकलेले येतात. प्रत्येकाचा आकडा वेगळा.
आम्ही इथं गुरं राखायचो.
पाऊस लागला की हे बैल बाहेर यायचे.
आम्ही त्यांनाही धरून मोजायचो,
घरी पोचेतो दोन कमी भरायची."

शैलू, एकतीस वर्षांत काउंटरमागून
मी एकदाही म्हटलं नाही, मला माहीत नाही.
पाच नंबरला विचारा, म्हणायचे.
पाच नंबरला मोघे होता.
त्यालाही माहीत नसायचं.

परतताना सावर्डे स्टेशनवर रेंज गेली.
पैसे जाईनात, फोनमधलं चाक नुसतं फिरत राहिलं,
गाडी फलाटाला लागलेली.
"घरी पोचून पाठवा," कायतान म्हणाला
आणि बॅग वर चढवून दिली.
मिरजेपर्यंत जाणाऱ्या गाडीत, दाराशी उभी मी,
आणि त्यानं माझं आडनावही विचारलं नव्हतं.
माझा फोटो कुणा मुलाकडे पाठवला नव्हता.

लोंढ्याला रेंज आल्यावर पहिलं तेच काम केलं.
शंभर जास्त घातले.
उत्तरात एक अंगठा आला, बस.
शंभराबद्दल अक्षर नाही.

नंबर खाली लिहिलाय.
दुपारी दीड ते तीन तो झोपतो, उचलणार नाही,
पुन्हा पुन्हा लावत बसू नकोस.
परवान्याचं विचार, दराचं विचार, खुशाल विचार.
फक्त तो विचारेल तेव्हा
उलटी होते का नाही,
ते खरं सांग.